पाच होकार

सोमवार, ३ फेब्रुवारी
दुरुस्ती खातं बंद करायचं म्हणे! प्रस्ताव विक्रीप्रमुखांचा. वजनकाटा बिघडला की लोकांनी नवा घ्यावा, दुरुस्तीचे लाड कशाला — असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सोमवारी बैठक, नियोजन खात्यातर्फे मलाही बसायचंय.

मी या कारखान्यात आले ती त्याच खात्यात. काटा कसा उघडायचा इथपासून सगळं काकांनी शिकवलं. काका म्हणजे तिथले मुख्य कारागीर, अख्खा कारखाना त्यांना काकाच म्हणतो. मला अजून ‘पोरी’ म्हणतात, चारचौघांत. मला आवडतं ते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
साठ दुकानदारांना स्वतः फोन केले. एकेचाळीस जण म्हणाले, तुम्ही दुरुस्त करून देता म्हणून तर तुमचाच काटा पुन्हा घेतो. खातं गेलं की गिऱ्हाईकही जाणार. तीन पानांत मांडून ठेवलंय.

विक्रीप्रमुखांना हे कळत नाही असं नाही. पण खातं उत्पादनप्रमुखांच्या हाताखालचं, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

सोमवार, १० फेब्रुवारी
विक्रीप्रमुखांनी जिन्यातच गाठलं. “मोठ्या साहेबांनी ठरवलंय. उगाच आडव्या जाऊ नका. नियोजनप्रमुखाच्या जागेसाठी तुमचं नाव आहे ना?”

साहेबांनी एकेकाला विचारलं. आम्ही पाच जण. उत्पादनप्रमुखसुद्धा “साहेब म्हणतील तसं” म्हणाले — त्यांचंच खातं असून! त्यांनाही जिन्यात गाठलं असणार. माझी पाळी शेवटची. पानं पर्समध्ये.

“हरकत नाही,” म्हणाले मी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. “तोंडात मिठाची गुळणी धरायची होती, तर साठ फोन कशाला केलेस?” चिडून नाही, वाढून घेता घेता म्हणाले.

बुधवार, १२ फेब्रुवारी
आदेशावर साहेबांची सही अजून झालेली नाही. पानं घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. आतून विक्रीप्रमुखांच्या हसण्याचा आवाज आला. परत फिरले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
संध्याकाळी सही झाली.

सोमवार, २४ फेब्रुवारी
नियोजनप्रमुख झाले. खोलीवर पाटी लागली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
खात्याचा शेवटचा दिवस. नऊ माणसं. काका एकेक हत्यार पुसून कपाटात लावत होते, जणू सोमवारी लागणारच आहेत. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, “काका रोज सांगायचे आम्हाला, घाबरू नका रे, बैठकीत आपली पोर आहे.”

काकांनी त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जागा मिळाली ना मॅडम? चांगलं झालं.”

मॅडम.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. कुणाला फसवत होते कोण जाणे.

सोमवार, १४ जुलै
विक्री घसरलीय. दुकानदार दुसऱ्या कंपनीकडे वळले. विक्रीप्रमुख बैठकीत शांतपणे म्हणाले, “निर्णय एकमताने झाला होता.” खोटं नाही त्यात काही.

गुरुवार, ३१ जुलै
मोठे साहेब आज निवृत्त झाले. भेटायला गेले, तर बसायला सांगितलं.

“दुरुस्ती खातं मला बंद करायचं नव्हतं. भागीदार मागे लागले होते. बैठकीत एक जरी ‘नाही’ आलं असतं, तर तेवढ्यावर मी अडून बसलो असतो. तरी तीन दिवस कागद तसाच ठेवला. वाटलं, कुणीतरी येईल.”

दारापर्यंत आले होते, हे मी आजही सांगितलं नाही.