उत्तरार्ध नसलेली साक्ष

प्रिय आत्यास,

भाच्याचा प्रभूच्या नावाने सलाम.

ऑर्गन वाजला नाही, आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. पण हे असं एकदम सुरू केलं तर तू चष्मा काढून म्हणशील, आधी माणसासारखी विचारपूस कर, म्हणून विचारतो. तुझा गुडघा कसा आहे? खोकला काकांचं ऐकायला लागला का, की अजून काकाच त्याचं ऐकतात? तू पाठवलेला स्वेटर पोचला. (एक बाही लांब आहे. तक्रार नाही, नुसती माहिती.) बाबा बरे आहेत, म्हणजे उजवा हात सोडून बाकी सगळे बरे आहेत. मी बरा नाही. आता मुद्द्यावर येतो.

आमच्या मंडळीतली साक्षीची पद्धत तू पाहिली आहेस. रविवारच्या उपासनेत, उपदेशाच्या आधी, ज्याला वाटेल त्याने उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. साक्ष संपली की ऑर्गनवर उपकारस्तुतीचं कडवं वाजतं आणि सगळे उभे राहून गातात. साक्षीला दोन भाग असतात. पूर्वार्धात माणूस खड्ड्यात पडतो, उत्तरार्धात देव त्याला बाहेर काढतो. पूर्वार्ध जितका काळाकुट्ट तितकी साक्ष भरघोस, असं आमच्याकडे एकंदर मत आहे. बसचालककाका (रिटायर झाले, पण आवाज अजून भोंग्याचाच आहे) ब्रेक निकामी झाल्याची आपली साक्ष देतात तेव्हा दर वेळी उतार थोडा वाढवतात. गेल्या खेपेला तो जवळजवळ कडाच होता, आणि खाली नदीही आली होती.

तर त्या रविवारी मी उभा राहिलो तो साक्ष द्यायला नाही. राजीनामा द्यायला. देवाकडे, मंडळीकडे, सगळीकडेच. बाबांच्या हाताला कंप सुटला तेव्हा मी कॉलेज अर्ध्यावर सोडून त्यांच्या पाट्या रंगवायच्या दुकानात बसलो हे तुला ठाऊक आहे. (प्राचार्यांचं आणि माझं जे वाजलं ते त्याच सुमारास वाजलं हा योगायोग आहे. त्यावर आपलं बोलून झालं आहे, आणि तू बोललीस ते मला पाठ आहे.) तेव्हापासून मी त्या हातासाठी प्रार्थना करतोय. मागणं काही अवाढव्य नव्हतं. सुरुवातीला म्हटलं, हात पूर्ण बरा कर. मग म्हटलं, बरं, निदान सकाळचा ब्रश धरता येऊ दे. मग आणखी खाली आलो, म्हटलं, चहाचा कप तरी न सांडता उचलू दे. गिऱ्हाइकाला मी एवढी सूट कधी दिली नाही. आणि एवढं करून त्या शनिवारी बाबांचा चहा एका डॉक्टरांच्या नव्या कोऱ्या पाटीवर सांडला, तीही ओल्या रंगावर. डॉक्टरांच्या पदव्या वाहून गेल्या. बाबा हसले. मी नाही हसलो. मी रात्रभर मनात भाषण जुळवलं.

भाषण चांगलं होतं, आत्या. चूक माझी नाही. मी उभा राहून म्हणालो, ‘‘मी बाबांच्या हातासाठी रोज प्रार्थना केली आणि काहीही झालं नाही.’’ मागून बसचालककाका गरजले, ‘‘आमेन!’’ मी म्हणालो, वर कोणी ऐकत असेल असं मला वाटेनासं झालंय. शिवणवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीच्या कानात (म्हणजे तीन बाकांना ऐकू जाईल अशा बेताने) म्हणाल्या, ‘‘सुरुवात काय झकास केली गं पोराने!’’ मी चिडलो. चिडलो की माझा आवाज चढतो, हा गुण आपल्याच घराण्याचा. आणि जसा माझा आवाज चढला तशी मंडळी रंगात आली. मी म्हटलं माझ्या मनात आता नुसता अंधार आहे, तर चार जणांनी ‘होय प्रभू’ म्हटलं. म्हटलं मला कसलीच आशा उरलेली नाही, तर लोक बाकाच्या कडेवर सरकून बसले. शेवटी मी समोरच्या बाकावर हात आपटून ओरडलो, ‘‘संपलं!’’

आणि सगळे वाट बघायला लागले. त्यांचे ते उजळलेले चेहरे तू पाहायला हवे होतेस. आता देव येणार, आता पोराला खड्ड्यातून काढणार, अशी सगळ्यांची खात्री. बेत असा होता की इथे मी ताडताड चालत दाराबाहेर पडायचं. पण बाकाच्या टोकाला बेकरीवाले बसले होते, आणि ते उठल्याशिवाय त्या बाकावरून मांजरसुद्धा बाहेर पडत नाही. त्यांना ‘जरा पाय घेता का’ म्हणावं लागलं असतं. राजीनामा दिल्यावर तसं म्हणणं शोभत नाही. मी उभाच.

अशी वेळ आली, माणूस गहिवरून अडला, की ऑर्गनवाली हलकेच कडवं सुरू करते आणि सगळ्यांची सुटका होते. (ऑर्गनवाली म्हणजे घड्याळ दुरुस्तीवाल्यांची मुलगी. तू आली होतीस तेव्हा तिने तुला छत्री दिली होती. तू म्हणाली होतीस, पोरगी डोक्याने सरळ आहे. मी तेव्हापासून तिच्या प्रेमात आहे. त्याच्या आधीपासूनही होतो, पण तुझ्या शिफारशीने बळ आलं.) मी तिच्याकडे पाहिलं. पाळकसाहेबांनीही तिच्याकडे पाहून ‘वाजव’ अशी मान हलवली. तिने पट्ट्यांवरचे हात उचलले, मांडीवर ठेवले, आणि माझ्याकडे बघत राहिली. ऑर्गन वाजला नाही. त्या अख्ख्या सभागृहात मी काय बोललो ते तिला एकटीला कळलं होतं.

मग पाळकसाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं की आपला तरुण भाऊ भारावून गेला आहे, साक्षीचा उत्तरार्ध आपण पुढच्या रविवारी ऐकू. बाबा दुसऱ्या बाकावर होते. घरी येताना एवढंच म्हणाले, ‘‘माझा हात सगळ्या मंडळीत फिरवून आणलास की रे.’’

यानंतरचा आठवडा मी शत्रूवरही आणणार नाही. सोमवारी पाळकसाहेबांचा निरोप आला. मंडळीच्या दारावरची सूचनेची पाटी आपल्याच दुकानातून रंगवून जाते, आणि या वेळचा मजकूर होता: येत्या रविवारी, साक्षीचा उत्तरार्ध. खाली माझं नाव, ठळक. म्हणजे माझ्याच फाशीची पाटी मीच रंगवायची, तीही मंडळीच्या पंचकमिटीने ठरवलेल्या कमी दरात. मी म्हटलं हे काम घ्यायचं नाही. बाबा म्हणाले, घेऊ नकोस. पण घेतलंस तर अक्षर नीट आलं पाहिजे. घेतलं. खडूची दोरी मारून रेघा आखल्या, हाताखाली काठी धरून अक्षरं भरली. बाबा पाठीमागे उभे राहून सांगत होते, रफार जरा उजवीकडे घे, ‘रविवारी’तलं शेवटचं अक्षर दाटीवाटीने बसलंय, रविवार आधीच गच्च असतो.

पाटी लागली आणि माझं रस्त्याने फिरणं बंद झालं. बेकरीवाले पाव बांधून देता देता विचारतात, ‘‘झाला का उत्तरार्ध?’’ जसं काही तो भट्टीत ठेवलाय. शिवणवाल्या बाईंनी भर रस्त्यात टेप काढून माझी छाती मोजली. म्हणाल्या, ‘‘अशा दिवशी या सदऱ्यात उभा राहणार आहेस? आईविना पोर म्हणून कोणी बघायचंच नाही का?’’ बसचालककाका तर दुकानात येऊन स्टुलावरच बसले आणि आवाज खाली आणून (म्हणजे फक्त समोरच्या दुकानाला ऐकू जाईल इतका) म्हणाले, ‘‘अडलं असेल तर माझी घे. माझ्याकडे दोन आहेत. नदीची तुला देतो.’’ आत्या, मला हसू येईना. ही सगळी माणसं माझ्यासाठी खरोखर वाट बघत होती. मी अंधाराबद्दल बोललो होतो, आणि त्यांना त्या अंधाराची भीती वाटली नव्हती, कारण पुढे काय येतं ते त्यांना ठाऊक होतं. मला ते ठाऊक नव्हतं. खोटं बोललो तर ते रडतील, गातील, मला कवटाळतील. खरं बोललो तर बाबांना त्या बाकावर पुन्हा बसता येईल का?

पाटी वाऱ्याने कलली म्हणून मी शिडी घेऊन गेलो, तर ऑर्गनवाली सराव करून बाहेर येत होती. म्हणाली, ‘‘खाली उतर, माझी मान दुखते.’’ मी उतरलो. सांगितलं की नदीची साक्ष घ्यायचा विचार आहे.

‘‘घे की. मी त्यालाही वाजवणार नाही.’’

‘‘आणि खरं सांगितलं तर? हाकलून देतील.’’

‘‘गेल्या रविवारी खरंच सांगितलंस ना? हाकललं का? उलट पाटी लागली तुझी.’’

मी विचारलं, मग त्या दिवशी वाजवलं का नाहीस? ती म्हणाली, ‘‘वाजवलं असतं तर तू बोललास ते पुसून टाकल्यासारखं झालं असतं. ते तसंच राहायला हवं होतं थोडा वेळ.’’ आणि गेली. (जाताना म्हणाली, पाटी अजून तिरकी आहे.)

ती गेल्यावर मी पुन्हा शिडीवर चढलो आणि माझा जिभेवरचा ताबा सुटला. आसपास कोणी नव्हतं. मी वर बघून देवाला स्पष्ट सांगितलं की तू नाहीस. एकदा नाही, चांगलं घोळवून सांगितलं. बाबांच्या हातावरून, आईवरून, प्राचार्यांवरूनही. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी मधे मधे थांबतोय, त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणून. इतका राग आला की हातोडी बोटावर बसली.

तेव्हा आत्या, माझा निश्चय झाला आहे. मी उद्या जाणार नाही. आजारी आहे असं सांगेन. बोट सुजलंय, ते दाखवता येईल. तिकडच्या मंडळीला माझा शेवटचा सलाम कळव. तुझं आणि काकांचं बरं असो, आणि माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस. केलीस तर मला सांगू नकोस.

तुझा अविश्वासू पण आज्ञाधारक,
भाचा

ता. क. रविवार सकाळ. काल पत्र बंद करायचं राहिलं, म्हणून पुढे लिहितो. बाबा आत्ता सदरा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बटणं त्यांना जमत नाहीत. इतर रविवारी ते एकटेच झगडतात आणि मी न बघितल्यासारखं करतो. आज ते सरळ म्हणाले, ‘‘लाव.’’ मी लावायला लागलो, आणि नाक त्यांच्या छातीशी असताना विचारलं, बाबा, हात बरा होईल असं वाटतं तुम्हाला? म्हणाले, ‘‘काही दिवशी वाटतं. आज नाही वाटत.’’ मग रोज जेवताना आभार कसले मानता? तर म्हणाले, ‘‘वाटत नाही त्या दिवशी मी नुसती हजेरी लावतो. गिऱ्हाईक नसलं म्हणून दुकान उघडत नाही का आपण?’’ मी म्हटलं, पण उत्तर तर आलं नाही. ‘‘नाही आलं,’’ बाबा म्हणाले, ‘‘मीही रोज विचारतो, तू काय एकटाच विचारतोस? तुझ्या आईच्या वेळेपासून माझं एक विचारणं चालू आहे. चिडतोसुद्धा मी. पण दार माझ्या बाजूने नाही लावून घेत.’’ एवढं ऐकेपर्यंत वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं. सगळी काढून पुन्हा लावली. मला जरा नीट दिसत नव्हतं.

तर मी जातोय. नदी घेणार नाही. उभं राहून सांगेन की उत्तरार्ध नाही. बाबांचा हात तसाच आहे, मी अजून मागतोय, अजून चिडलेला आहे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा याच बाकावर येऊन बसेन. एवढीच साक्ष. पाटीवर जास्त लिहिलं गेलं, त्याला माझा इलाज नाही. ऑर्गन वाजेल की नाही ते तिने ठरवायचं.

ता. क. २. खरं काम राहिलंच. (वरचं सगळं त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मधे देव आला.) गुडघा बरा झाला की ये आणि घड्याळवाल्यांना भेट. मी कॉलेज सोडलं असं म्हणू नकोस, धंद्यात पडला म्हण. प्राचार्यांचं नाव काढू नकोस. मुलीला मी अजून काही विचारलेलं नाही, तिच्या मनात काय आहे याचा पत्ता नाही, आणि आजच्या साक्षीनंतर तिचे वडील मला दुकानात उभं करतील याचाही काही पुरावा नाही. तरी तू ये. पुराव्याशिवाय वाट बघायची मला थोडी सवय होत चालली आहे. आणि काल प्रार्थना करू नकोस म्हणालो, ते मागे घेतो. कर. दोन्ही कामांसाठी.

ता. क. ३. पहिली घंटा झाली. बाबा जिना उतरून खाली उभे आहेत आणि बसचालककाका रस्त्यातून माझ्या नावाने भोंगा वाजवताहेत, तोंडाने. आणखी लिहीत बसलो तर माझा बेत बदलेल. हे वाक्य मी बाहेर जिन्यात, भिंतीला कागद टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. बाबांना दाखवू नकोस. निघालो. दार लावलं.