आई जिना उतरली

कोल्हापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आदर्शदादा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. आण्णांची शुगर ताब्यात आहे. तुझ्या खोलीतला राजवीर सुट्टी संपवून मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती चटणी आणि हे पत्र देतेय. चटणी विकतची आहे. आईची नाही म्हणून नाक मुरडू नकोस.

पत्र पाहून तू दचकशील. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर बोलताना आण्णा समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. शिवाय तू मध्येच बोलायला लागतोस. हे मला एकदा सलग सांगू दे.

आधी ऑपरेशनचं. तुला तुकड्यातुकड्यांनीच कळलंय. स्कॅन काढून डॉक्टरांनी आईचे दोन्ही गुडघे कॉम्प्युटरवर उभे केले. हाड कुठे, किती कापायचं ते आधीच ठरवलं. करवत त्यांच्याच हातात असते, पण रोबोटचा हात ती सांभाळतो आणि आखलेल्या जागेबाहेर जाऊ लागली की अडवतो. आण्णांनी विचारलं, "म्हणजे चूक व्हायचीच न्हाई?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मशिन मदतीला असतं. जबाबदारी माझीच." आईने एकच प्रश्न विचारला. "यष्टीच्या पायऱ्या चढाय येतील का मला?" डॉक्टर म्हणाले, "येतील. व्यायाम मात्र चुकवायचा नाही." आम्हाला हसू आलं. एवढा वेळ गप्प बसली आणि विचारलं काय, तर एसटीचं.

कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे आत तिला आवाज ऐकू येत होते. नंतर मला म्हणाली, "सुतार काम करतोय असं वाटत हुतं बघ." दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते, पण बसते म्हणाली नाही. घरी हॉस्पिटलमधली मनाली नावाची मुलगी व्यायाम घ्यायला यायची. ती सांगे त्याच्या दुप्पट आई करायची. गुडघा वाकवताना पदराचा बोळा तोंडात धरायची. मग एक जिना उतरली. मग दोन. गुडघे गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी तिसऱ्या मजल्यावरून ती खाली अंगणात पोचली त्या दिवशी आण्णांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. रोबोटचा व्हिडिओ तर त्यांनी दूधवाल्यालाही दाखवला. हे सगळं तुला माहीत आहे.

पुढचं माहीत नाही. सप्टेंबरपासून तू फोन केलास की मी आई झोपलीय, आई खाली गेलीय, आईच्या फोनची स्क्रीन फुटलीय असं सांगत आले. आई इथे नाही, दादा. ती घर सोडून गेली.

घाबरू नकोस. ती सुखरूप आहे.

रविवार होता. मी मोरीत कपडे धूत होते. आण्णा पेपर वाचत होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकाच्या मावशींना बंद केलं होतं. "हिला आता उभं ऱ्हाता येतंय की," म्हणाले. त्या सकाळी तिने भाकऱ्या थापल्या, भाजी केली, झाकून ठेवली. मग जयंतीला नेसते ती पांढरी साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. "मी गडहिंग्लजला निघाले."

आण्णांनी मान वर केली नाही. "कुणाबरोबर?"

"माझी मी."

"परत कधी?"

"न्हाई येणार."

आण्णा हसले. खरंच हसले, दादा. मी ओल्या हातांनी बाहेर आले तोवर ती दारात चपला घालत होती. मी म्हटलं, आई, काय झालं, भांडण झालं का. ती म्हणाली, "भांडाण कसलं? जातो मी." कठडा धरून उतरली. एकाही मजल्यावर थांबली नाही. मी गॅलरीत धावले. खाली तिने रिक्षाला हात केला आणि गेली. वर बघितलंसुद्धा नाही. मागून आण्णा म्हणाले, "येईल सांजच्याला. जेवायला वाढ."

सांज झाली. ती आली नाही. आण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या रविवारी मी तिला आणायला गेले. ती अक्कामावशीच्या घरी आहे, मावशीच्या सुनेपाशी, संघप्रियावहिनीकडे. मी पोचले तेव्हा आई घरात नव्हती. थोड्या वेळाने बाजारातून पिशवीभर मेथी घेऊन चालत आली. उन्हाने तोंड लाल झालेलं. मला बघून म्हणाली, "जेवलीस का?" माझं रडू थांबेना. मी म्हटलं, एवढी वर्षं राहिलीस, आता बरी झालीस आणि सोडून आलीस. नवरा नांदवत नाही म्हणून बायका जातात, तुझं काय झालं होतं.

ती मेथी निवडत बसली. निवडता निवडता म्हणाली, "तुला वाटतं मी ऱ्हायले. जिना उतरता येत न्हवता, म्हणून हुते तिथं."

दादा, आपण ज्याला संसार समजत होतो तो तिच्यासाठी तिसरा मजला होता.

मग तिने अक्कामावशीच्या मयताचं सांगितलं, ऑपरेशनच्या आधीचं. तेव्हा मी पुण्याला ट्रेनिंगला होते. आल्यावर आण्णा म्हणाले, हिलाच जायचं नव्हतं, दुखतंय म्हणाली. तुलाही तेच कळवलं होतं. खरं असं की बातमी आल्यावर खालचा जोतीराम आणि आणखी तिघं प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर आले होते. आईला खुर्चीत बसवून उतरवतो म्हणाले. गाडीसुद्धा आणली होती. आई साडी बदलून तयार होती. आण्णांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "तमाशा नको. मी जाऊन येतो." एकटे गेले, रात्री आले, जेवले. तिथे कोण कोण आलं होतं ते आईला सांगत बसले.

"अक्कानं मला काखंत घेऊन वाढवलं," आई म्हणाली, "आणि मी गॅलरीत हुभी." एवढंच. आवाज चढवला नाही. आण्णांनी कधी तिच्यावर हात उगारला नाही, चहा करून द्यायचे, गोळ्या द्यायचे. मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, द्यायचे की. मी कुठं न्हाई म्हणतो?"

निघताना मी विचारलं, आण्णांना काय सांगू. म्हणाली, "त्यास्नी पाय हायत की. येऊ देत हिकडं. येतील तर जेवून जातील."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. खुर्चीचंही. दुसऱ्या दिवशी आण्णा मला न सांगता हॉस्पिटलला गेले. मनालीने फोन करून बोलावलं म्हणून मी धावले. ते डॉक्टरांसमोर बसले होते. म्हणत होते, "तुम्ही तिला जिना उतरायला का शिकवलं?" डॉक्टर गोंधळले. "आजोबा, त्यासाठीच तर ऑपरेशन केलं." आण्णा एवढ्या लोकांत रडायला लागले. मी त्यांना आपल्या घरी रडताना कधी बघितलं नव्हतं.

काल सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टँडवर गेले. दुपारी परत आले. गडहिंग्लजची गाडी लागली होती, जागाही होती, पण चढले नाहीत. मी विचारलं, का. म्हणाले, "तिथं जाऊन काय म्हणायचं?" मी ताट वाढलं. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली झाकून ठेवली.

तू डिसेंबरात येशील. आईला परत आणायचं ठरवून येऊ नकोस, एवढं मागते. आण्णांना फोनवर रागावूही नकोस, ते आता लवकर घाबरतात. आईचा फोन चालू आहे, स्क्रीन फुटलेली नाही. तिला फोन कर, पण पहिल्याच वाक्यात आण्णांचं काढू नकोस. आणि आधी गडहिंग्लजला उतर. ती स्टँडवर तुला घ्यायला येते म्हणालीय, चालत.

इथे आण्णांपाशी राहिलेली,
तुझी क्रांती