खिंडीत घेतलेलं नाव

शनिवार पेठ, पुणे

प्रिय दादा,

फोन लागत नव्हता हे तू किती वेळा सांगणार? ऑफिसचा नंबर तुझ्याकडे होता. मॅडमनी डोंगरात निरोप धाडला असता. आबा सकाळी गेले आणि मला कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर तू अग्नी देऊन मोकळा. वाशिमला आलो तर अंगणात सगळ्यांसमोर म्हणालास, कळवून काय, हा कुठे थांबतोय, याच्या पायाला भिंगरी. मग तेराव्यालाही न थांबता निघालो, म्हणजे तुझंच खरं केलं. असो. भांडायला लिहीत नाही, पण आपली सुरुवात भांडणाशिवाय होत नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. अक्षता मॅडम भीमाशंकरच्या जुन्या पायवाटेवरून लोकांना हळूहळू चालवत नेणार आहेत. गाडी नाही, घाई नाही. एका वेळी मोजकीच माणसं, मुक्काम गावातल्या घरी, भाकरी तिथलीच, कचरा आपला आपण परत आणायचा. डोंगराला झेपेल तेवढंच. मी आधी जाऊन बघून येतो, कुठल्या टाक्यात उन्हाळ्यात पाणी राहतं, कोणाच्या ओसरीवर किती जण निजतील. सहावीत शाळा सोडलेल्याला याचा पगार मिळतो. माझे इथले घरमालक म्हणतात, चालायचे पैसे देतात, मग बसायचे किती देत असतील.

आबा गेले त्या दिवशी मी मॅडमबरोबर खिंडीत होतो. वाट दाखवायला गावातले धोंडिबा होते. तिथली एक रीत आहे. घरी जो अडकलाय, ज्याच्याने येववत नाही, त्याचं नाव खिंडीत उभं राहून मोठ्याने घ्यायचं. म्हणजे तोही आपल्याबरोबर देवाला पोचतो. आबांना भीमाशंकरला जायचं होतं. बैलगाडीखाली पाय सापडून अधू झाल्यापासून त्यांनी तो विषयच सोडला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बापाचं नाव घेतलं. महिपती. डोंगराने ते परत दिलं. तेव्हा तुम्ही तिकडे लाकडं रचत असाल.

गेलेल्याचं नाव तिथे घेत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगतच नाहीत, कारण आपल्या घरचं माणूस गेलंय हे कोणाला ठाऊक नसतं?

तुमच्याकडून पुण्याला परत आलो आणि आवाज सुरू झाला. एक पाय टेकतो, दुसरा घासत येतो. मंडईत एवढा गोंगाट, भाजीवाले ओरडतायत, रिक्षा कोकलतायत, तरी मला तेवढंच ऐकू येतं. थांबलो की थांबतो. आधी मी पळायचो. मग लाज वाटली. लहानपणी बाजाराला जाताना मी असाच पुढे पळायचो आणि ते मागून हाक मारायचे, भिंगरी, मागं बघ जरा. आता हळू चालतो. मॅडम खूश आहेत, म्हणतात, शंभूला आपलं काम आता कळलं. ती नाव घ्यायची रीत पाहुण्यांनाही करायला द्यावी असं त्यांच्या मनात होतं. मी नको म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते कागदावरून खोडून टाकलं.

वाटलं, डोकं फिरलंय माझं. पण गेल्या आठवड्यात एकटाच त्या वाटेने गेलो. मुक्काम धोंडिबांच्या घरी. त्यांची सून वेणूबाई, तिने दोन ताटं वाढली. म्हणाली, "म्हातारबा मागं राहिलं का रं? पाय वढत येत हुतं नव्हं?" धोंडिबांनी दुसरं ताट उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि मग मला शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं.

हे फोनवर बोललो असतो. पण मी खोलीत असलो की तेही असतात. दादा, आवाज मी नीट ऐकलाय. अनवाणी आहेत रे. खिंडीपुढे सगळी खडी आहे. धोंडिबा म्हणतात, नाव घेणाऱ्याच्या मागे ते जन्मभर चालतील. देवापाशी सोडून यायचं असेल तर अग्नी देणारा लागतो. तो पुढे, ते मधे आणि नाव घेणारा मागे. एवढी वर्षं ते माझी पाठ बघत चालले, आता त्यांची मी बघेन. म्हणून तू ये. वाटेत माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, फक्त हळू चाल. त्यांच्या चपला माळ्यावर असतील, टाकल्या नसतील तर घेऊन ये. उजव्या चपलेचा अंगठा उसवलाय, शिवून घे. तुझ्या फोनवर पैसे टाकलेत, तुझं येण्याचं आणि जाण्याचं भाडं. त्यांचं परतीचं धरलेलं नाही. चपला शिवायचे शंभर मिळवून एकोणीसशे रुपये.

तुझाच,
शंभू