तिनं सांगितलेली आडवाट

माय, तुला जाऊन वीस वर्षं होत आली. आज दुपारी वांग्याची भाजी फोडणीला टाकताना वाटलं, तुला एक गोष्ट सांगायची राहूनच गेली आहे. वलगावच्या मळ्यात तू वाफ्यांत बसलेली असायचीस. हरभरा सोंगायला मेळघाटातून उतरलेली माणसं बांधावर थांबली, की उठून त्यांना पाणी आणि भाकर द्यायचीस. एकदा मी त्यांतल्या एका बाईला नाव-गाव विचारत बसले, तर तिच्यादेखतच तू मला दटावलंस, "जेवून राहिली ना ते! मंग इचारजो." मी दिवसभर तुझ्याशी बोलले नव्हते.

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात आमच्या परतवाड्याच्या शाळेत निवारा उघडला. पायी घरी निघालेल्या मजुरांना पोलीस राज्याच्या हद्दीवर अडवायचे आणि आमच्याकडे आणून सोडायचे. खिचडी आम्ही शिक्षकांनीच वाढायची, आणि कोणी बाहेर पडत नाही हेही आम्हीच पाहायचं. ते दिवस आठवतात ते पाण्याखालून पाहिल्यासारखे. पंखे संथ फिरताहेत, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच आहे, फरशीवर माणसं झोपली आहेत, आणि डोंगराकडून मोहाचा गोड, जड वास येतो आहे. मला वाटायचं, मी तुझंच काम करते आहे.

एक बाई होती. तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, गाव हद्दीपलीकडे बैतूलकडचं, कडेवर तान्ही लेक. नाव सांगेना. "नाव कायले पायजे, बाई?" मी म्हणाले, "लेकरासाठी दूध लिहून देते. नावाशिवाय कसं देऊ?" ते खोटं नव्हतं, दूध आलंच. तिनं नाव सांगितलं. मी जवळ बसून गोड बोलत राहिले, तशी गावी आजारी असलेली आई सांगितली, जंगलातून घरी जायची आडवाटही सांगितली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती आणि सोबतचे चौघे मागच्या भिंतीवरून निघून गेले. सकाळी हवालदार आला. मी त्याला ती वाट सांगितली. दुपारी जीप सगळ्यांना घेऊन परत आली. ती पंगतीत आपल्या जागी बसली. मी वाढायला वाकले, तर तिनं ताटावर हात आडवा धरला.

"भूक नाही का?"

"भूक हाय, बाई. तुमच्या हातचं नाई पायजे."

दुसऱ्या बाईंनी वाढलं, तेव्हा जेवली.

आठवड्याभरानं परवानगी आली आणि बस त्यांना घेऊन गेली. तिची आई तिला भेटली की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

हे मी पूर्वी एक-दोघांना सांगितलंय. सांगताना म्हणते, हवालदारानं दरडावून विचारलं, माझा काय इलाज होता? हा कागद कुठंच जाणार नाही, म्हणून तुला खरं लिहिते. त्यानं काही विचारलं नव्हतं, माय. चहा पिऊन तो बिचारा निघालाही होता. मीच त्याला फाटकातून परत बोलावलं.