गेल्या वर्षीचा फ्रॉक

ता. ४ जून

चि. बबीस अनेक आशीर्वाद.

तुझी लेक खुशाल आहे. दुपारी मी गॅलरीत बसून शाळेतल्या कविता म्हणतो आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघते, जणू पुढची ओळ तिलाच ठाऊक. दोन वर्षांची झाली तरी गेल्या वर्षीचा पिवळा फ्रॉक अजून बरोबर बसतो, तेव्हा नव्याची घाई नको. चहात बुडवलेल्या बिस्किटावर तिचं भागतं. थेट तुझ्यावर गेली आहे, कधी म्हणून मागत नाही. फार गुणी.

लस द्यायला नेलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. नर्सनं भिंतीला उभं करून मोजलं, वाढ खुंटली आहे म्हणाली, आणि वर आई किती शिकली, गरोदरपणी काय खायची, अशी उलटतपासणी. आमच्या घराण्याची चणच लहान, असं मी तिला सुनावलं.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफेपासून जप. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

बाबा

ता. ११ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि उभ्या उभ्याच लिहायला घेतलं, म्हणून अक्षर असं आलंय. वर्षभरात मुलीला फ्रॉक तोकडा होत नाही, ही खुशाली नव्हे, बाबा. घराण्याची चण म्हणता, मग दादा दारातून वाकून कसा येतो? आधी त्याचं ताट भरायचं. भांडं माझ्याकडे येईपर्यंत आई तळ खरवडत असायची. मी मागत नव्हते, कारण मागण्यासारखं काही उरत नसे. तुम्ही त्याला गुण म्हणालात आणि मला ते खरं वाटलं. सासरीही तशाच गुणीपणानं उरलंसुरलं खाल्लं, ही पोटात असतानासुद्धा. सातवीतून काढलेल्या मुलीला वेगळं कोण सांगणार होतं? नर्सनं बरोबर विचारलं. तिला सुनावलंत, आता मला सुनावा.

इथं कामगारांच्या खोलीत मूल ठेवू देत नाहीत, नाहीतर आजच तिला घेऊन आले असते. चहा बंद करा. भात मऊ करून त्यात लोणी घाला, अंडं द्या, थोडं थोडं पण सारखं द्या, शेजारी बसून भरवा. कविता घासागणिक म्हणा, घासाऐवजी नको.

आणि माझ्या मुलीला गुणी म्हणू नका.

राग निवळला की लोभाचं बघू.

बबी

ता. २ जानेवारी

चि. बबीस आशीर्वाद.

इतके दिवस मी रुसलो होतो, अजूनही पुरता निवळलेलो नाही. बाप कविता म्हणतो म्हणून त्याला काहीही बोलावं असं नाही. पण अंडं काही माझ्या रुसव्यासाठी थांबत नाही, ते रोज उकडलं.

नर्स म्हणते उंची सरकली आहे, पण मागची सगळी तूट भरून निघेल असं ती छातीठोक सांगत नाही. याचा मला संताप येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

काल जेवताना तुझ्या लेकीनं वाटी फरशीवर आपटली आणि ‘अजून’ म्हणाली. मी वाढलं. पुन्हा आपटली. शेजारीण म्हणाली, मुलीच्या जातीला इतकी हाव बरी नव्हे. तिला मी दारातूनच वाटेला लावलं, आणि एकही ओळ यमकात बोललो नाही.

पिवळा फ्रॉक काखेत फाटला. नवा पाठव, दोन मापं मोठा.

लोभ असू दे. नसला तर वाटी आपटून मागेन, नातीनं शिकवलं आहे.

बाबा