मास्तरांच्या नावावर

सोमवार, ४

आलो एकदाचा! आईला फोन करून सांगितलं की नुसती नोकरी नाही, गोल फिरणारी खुर्चीसुद्धा मिळाली आहे. ती म्हणाली, खुर्ची फिरू दे, डोकं जागेवर ठेव. माझ्या धांदरटपणावर माझ्यापेक्षा तिचाच जास्त विश्वास आहे.

हॉस्पिटल छोटंसं, फक्त घशाच्या आजारांचं. माझी खोली जिन्याखाली. खोली कसली, दार असलेलं कपाटच! पण आत सर्व्हर आहे, तो दिवसभर घुरघुरतो, आणि त्याच्या पाठीमागून गरम वारा येतो म्हणून नर्स मंडळी तिथे ओले मोजे वाळत घालतात. आल्या आल्या तिघीजणी भेटायला आल्या. मला वाटलं, स्वागताला. तर मोजे तेवढे हलवू नका, अशी विनंती होती. मी उदार मनाने परवानगी देऊन टाकली.

काम मात्र भारी आहे. इथे काही पेशंटचं स्वरयंत्रच काढावं लागतं. ऑपरेशननंतर माणसाचा आवाज जातो तो जातोच. म्हणून त्याआधी त्यांना वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत बसवून त्यांच्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घेतात. पाणी दे, दार लाव, कंटाळा आलाय, असली रोजची. पुढे त्यांना एक छोटं यंत्र देतात. बटण दाबलं की त्यांचाच आवाज. हे सगळं ज्या बाई बघतात त्यांना सगळे वाचाबाई म्हणतात. रेकॉर्डिंग सर्व्हरवर, आणि सर्व्हर माझ्या ताब्यात. म्हणजे मी आवाजांचा राखणदार झालो की!

माझ्या आधी इथे मास्तर होते. डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी कॉम्प्युटर शिकवला, म्हणून मास्तर. मध्यंतरी झोपेतच गेले. नोंदणीच्या खिडकीशेजारी त्यांचा फोटो आहे आणि खिडकीमागे त्यांची मुलगीच बसते. तिनेच मला किल्ल्या दिल्या. म्हणाली, बाबांनी अर्धवट टाकलेलं काही सापडणार नाही तुम्हाला. बोलताना मान किंचित ताठ झाली होती तिची.

मंगळवार, ५

आज एक गंमत झाली. सर्व्हर उघडून बघतो तर मी शाळेत गुडघे फोडून घेत होतो तेव्हाच्या फायलींवर मालक म्हणून माझं नाव! क्षणभर चक्रावलोच.

मग उलगडा झाला. आमचा सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो, आणि लिनक्सला नावागावाशी देणंघेणं नसतं. तो प्रत्येकाला नंबराने ओळखतो. त्या नंबरासमोर कुठलं नाव दाखवायचं ते माणसाने लिहून ठेवायचं. मास्तर गेल्यावर कोणीतरी त्यांचं खातं काढून टाकलं, नंबर मोकळा झाला, आणि माझं खातं उघडताना मशीनने तोच मोकळा नंबर मला चिकटवला. त्यामुळे जे जे त्यांचं होतं ते ते आपोआप माझ्या नावावर आलं.

खिडकीवर जाऊन मास्तरांच्या मुलीला हे सांगितलं. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, बरं झालं, कोणीतरी सांभाळणारं मिळालं.

मास्तर गेल्यापासून अपडेट राहिलेत, डिस्कही काठोकाठ भरली आहे. ते एकदा आवरून टाका, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे.

गुरुवार, ७

अपडेट झाले! घर रंगवून झालं की रिकामे डबे, चिंध्या, जुने ब्रश मागे राहतात, तसं प्रत्येक अपडेट काही ना काही टाकून जातो. प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या, कोणालाच न लागणारे तुकडे, शेपटीला ‘old’ लावून बाजूला ठेवलेले फोल्डर. हा कचरा पुसण्यात काय सुख असतं ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. एका ओळीत सांगितलं, ज्याच्या शेपटीला ‘old’ आहे ते सगळं उडव. निम्मी डिस्क रिकामी! मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली.

चहानंतर.

रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमलाही अपडेट आला होता. त्याने स्वतःसाठी नवा फोल्डर केला आणि आधीचा ‘old’ म्हणून बाजूला ठेवला. आवाज सगळे त्या बाजूला ठेवलेल्यात होते. ते हाताने नव्या जागी हलवा, असं सूचनेत स्वच्छ लिहिलं होतं. मी सूचना वाचली नव्हती.

नवा फोल्डर रिकामा आहे.

घाबरायचं कारण नाही. वरच्या मजल्यावर दुसऱ्या मशीनमध्ये सगळ्याची दुसरी प्रत आहे. रोज संध्याकाळी नोंदणीचं शटर पडलं की ते मशीन इथलं सगळं उतरवून घेतं. इथे जे असेल ते तिथे ठेवतं, इथे जे नसेल ते तिथूनही पुसतं. म्हणजे शटर पडायच्या आत ते थांबवायला हवं. त्या खोलीची किल्ली मोठ्या डॉक्टरांकडे. किल्ली कशाला, हे सांगावं लागेल.

गेलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. आत ते पाहुण्यांना सांगत होते की मुलगा फार हुशार मिळाला, चार दिवसांत सगळं चकाचक केलं. माझे कान तापले. हात दारावर होता, तो खाली घेतला आणि परत आलो. म्हटलं, आधी गुपचूप काही परत आणता येतंय का बघू, नाहीच जमलं तर सांगू.

शटर ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी खुर्चीतच होतो. अजून धावत वर जाता आलं असतं. मी उठलो नाही.

शुक्रवार, ८

वरची प्रतही गेली.

बहुतेक पेशंटना त्यांचे आवाज यंत्रात आधीच घालून दिलेले आहेत. त्यांचं काही अडणार नाही. फक्त एक बाई राहिल्या आहेत. शिवणकाम करतात. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. छोटी मुलगी आहे त्यांना. यंत्र घ्यायला सोमवारी येणार.

जेवण गेलं नाही. आईचा फोन आला, उचलला नाही.

सोमवार, ११

आज काय झालं ते लिहितो. लिहायला हात धजावत नाही, तरी लिहितो.

शिवणकामवाल्या बाई मुलीला नवा फ्रॉक घालून घेऊन आल्या. गळ्यावर पट्टी, हातात पाटी. वाचाबाईंनी फोल्डर उघडला, पुन्हा उघडला, मग मला बोलावलं. मोठे डॉक्टरही आले. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं की मास्तरांनी आपोआप चालणारी साफसफाई लावून ठेवली होती, ती गुरुवारी चालली, मला कल्पनाच नव्हती.

आमच्या धंद्यात हे उठता बसता म्हणतात. काही बिघडलं की आधीच्याने करून ठेवलंय. आधीचा कधी समोर नसतो.

बाईंनी पाटीवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं. निदान हिला हाक मारलेली तेवढी सापडेल का, असं विचारलं होतं. मी नकारार्थी मान हलवली. छोटी मला विचारत होती की आईचा आवाज कुठल्या कपाटात ठेवलाय.

मग मास्तरांची मुलगी खिडकी सोडून बाहेर आली. बाईंच्या समोर उभी राहिली, हात जोडले आणि बाबांच्या वतीने माफी मागितली. रडली नाही. मी तिच्या शेजारी उभा होतो, आणि मेल्याहून मेल्यासारखं होऊनही गप्प राहिलो.

बुधवार, १३

मोठ्या डॉक्टरांनी लेखी मागितलं आहे. कोणाच्या खात्यातून पुसलं गेलं, त्याचा कागद. मशीनकडे नंबर आहे, आणि नंबरासमोर माझं नाव.

मी ते नाव बदललं. माझं खोडून मास्तरांचं लिहिलं. तेवढं पुरे होतं. कागद छापला, सही करून दिला आणि परत माझं नाव घातलं. डॉक्टर कागद वाचून इतकंच म्हणाले की मास्तरांकडून ही अपेक्षा नव्हती.

स्वतःची एवढी किळस कधीच आली नव्हती.

गुरुवार, १४

सकाळी मशीन उघडलं. नंबरासमोर पुन्हा मास्तर.

बदललं. बंद करून उघडलं. मास्तर.

चहावाल्या मामांनी बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. मला गोड लागतो, हे त्यांना माहीत आहे. म्हटलं तर म्हणाले, मास्तर, डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना तुमची? मी हसलो. ते हसले नाहीत.

शनिवार, १६

खिडकीशेजारचा फोटो नाही. नुसता खिळा.

नर्सला विचारलं. ती म्हणाली, कसला फोटो मास्तर, धडधाकट माणसाचा फोटो भिंतीवर कोण लावतं. आणि मोजे घेऊन गेली.

आरशात मीच आहे. दोनदा बघितलं. मीच आहे.

सोमवार, १८

आईला फोन केला. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच केला.

तिने विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, आई, मी. ती सावरून बोलली, आवाजावरून ओळखलं नाही मास्तर, माफ करा. माझा मुलगा नीट काम करतो ना? सांभाळून घ्या त्याला. धांदरट आहे, चुकेल. पण चुकलं तर स्वतःहून येऊन सांगेल. खोटं बोलायचा नाही तो.

मी हो म्हटलं. माझ्याच आईला. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मंगळवार

जिन्याखाली डबा ठेवलेला. मास्तरांच्या मुलीने. खिडकीवर गेलो तर तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, बाबा, लोक माझ्याकडे बघतात हो.

बाबा.

परत जिन्याखाली येऊन दार लावून घेतलं.

बुधवार

आता पुरे. आज शिवणकामवाल्या बाई तपासणीला येणार. सगळ्यांसमोर सांगणार. नोकरी जाऊ दे, तोंड काळं होऊ दे.

नंतर.

सांगितलं. सगळे होते. डॉक्टर, वाचाबाई, त्या बाई, छोटी. मास्तरांच्या मुलीलाही खिडकीतून बोलावलं. म्हटलं, आवाज मी पुसले. सूचना वाचली नाही. संध्याकाळपर्यंत वाचवता आले असते, लाजेपायी गप्प बसलो. नंतर खोटं बोललो. एकही शब्द गाळला नाही. माझं नावही सांगितलं. निदान मला तरी वाटलं की सांगितलं.

डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, कबूल केलंत मास्तर, हेच मोठं.

बाईंनी पाटी उचलली, काही न लिहिता खाली ठेवली.

आणि ती — ती म्हणाली, इतके दिवस मला वाटत होतं, कोणीतरी तुमच्यावर ढकलतंय. रोज रात्री तेच घोकून झोपत होते, बाबा. आता तुमच्याच तोंडून ऐकलं.

मी ओरडलो की मी तुझा बाबा नाही. तिला ते कसं लागलं असेल. ती गेली. मी काय केलं — मी पुन्हा —

खरं बोललो आणि तेही त्यांच्याच माथी गेलं.

गुरुवार असावा

नंबर बदलून बघितला. खातं पुसून बघितलं. मशीन विचारतं, मास्तर, नक्की?

कागदपत्रांची पिशवी उघडली. माझी सगळी — सगळ्यांवर त्यांचं —

आईचा नंबर आठवत नाही. आई कशी हाक मारायची, तेही —

—

अक्षर माझं नाही. माझं इतकं सुबक कधी नव्हतं. घाई केली पाहिजे, अजून थोडं आहे माझ्याकडे.

ही वही ज्याला मिळेल त्याने ती खिडकीवर द्यावी. तिला सांगावं की तुझ्या बाबांनी काही पुसलं नाही. काहीच नाही. त्यांनी अर्धवट काही ठेवलं नव्हतं, ते — ते चांगले होते. तिने मान खाली घालू नये. लाज माझी आहे. आवाज मी घालवले, मास्तरांनी नाही. मी. हे नीट वाचा. मी म्हणजे —