सलूनवाल्याचा वास आणि माझं डोकं

४ नोव्हेंबर

पुन्हा डोकं उठलं! डावी बाजू. खालचा सलूनवाला वर चहाला आला, गालांना बाटलीभर सुगंध फासून — आणि कप रिकामा व्हायच्या आत मी अंधाऱ्या खोलीत आडवी. मावशी म्हणते, "तो आला की तुझं डोकं दुखतं. म्हणजे तुझ्या मनात नाही. त्याच्या मागणीला नकार कळवून टाकू." माझं लग्न माझ्या कपाळावरून ठरवणार ही बाई! पण मला तो आवडतो. भयंकर आवडतो.

५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मायग्रेन. मेंदूच्या आवरणातल्या नसांवर आयन चॅनेल असतात — इवलीशी दारंच. एक मिरचीच्या तिखटाने उघडतं, एक उग्र वासाने नि धुराने, एक मेन्थॉलच्या गारव्याने. माझी दारं म्हणे फारच भोळी, कुणालाही आत घेतात. ती आवरणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे. तोवर नेहमीची गोळी, आणि वास टाळायचा.

वास टाळायचा म्हणजे माणूसही टाळायचा का, हे विचारायची लाज वाटली.

८ नोव्हेंबर

त्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं, तोंड वाकडं करेल. तो तडक खाली गेला आणि दुकानातल्या सगळ्या बाटल्या कपाटात कोंडल्या. गिऱ्हाइकं कुरकुरतायत — "दाढी झाली की नाही, कळतच नाही."

९ नोव्हेंबर

मेन्थॉलच्या गारव्याने उलट काहींना आराम पडतो, हे डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याने फारच मनावर घेतलं. दाढीनंतर लावायचं गार मलम माझ्या कपाळावर थापलं — चांगलं मूठभर! ते ओघळलं थेट डोळ्यांत. मी ढसाढसा रडतेय, तो टॉवेलने वारा घालतोय, आणि दारात मावशी. "झालं? रडवलं पोरीला!" रविवारी त्याला शेवटचं उत्तर द्यायचं, असं तिने परस्पर ठरवलं. उत्तर कुठलं, हेही तिनेच.

१२ नोव्हेंबर

साध्या साबणाने घासूनपुसून आला. वास शून्य. संध्याकाळभर गप्पा, आणि डोकं चिडीचूप. मावशीला पटेना. त्याच्या मागून जाऊन त्याची कॉलर हुंगली.

१४ नोव्हेंबर, रविवार

तो कालपासून बहिणीकडे गेलाय, रात्री येईल. घरात सुगंध नाही, धूर नाही, मिरचीची फोडणीसुद्धा नाही. तरी सकाळपासून डावी बाजू ठणकतेय. मावशीला म्हटलं, "आता तुझाच हिशेब लाव. तो नसला तरी डोकं दुखतं."

ती उठली. मग पडदे ओढून घेतले, गोळी हातावर ठेवली आणि म्हणाली, "तारीख कधीची धरायची?"